तात्यागडाचं एस्टिमेट

किल्ला बांधायचा असेल तर इंजिनिअर नेमलाच पाहिजे आणि त्याला महिन्याला ७५० सोन्याच्या मोहरा पगार दिलाच पाहिजे, असा एक नियम आहे. तुम्ही तलवारबहाद्दर असा नाहीतर जादूगार, इंजिनिअरशिवाय बांधकाम नाही. मी हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, सकाळी सर्व्हेइंगची ओरल होती, आणि तरीही मी खाटेवर ताडकन उठून बसलो. सिव्हिलला ॲडमिशन घेतल्यापासून ‘पुढे प्लेसमेंटचं काय?’ हा प्रश्न आत्या, मावशी, शेजारचे काका आणि कटिंगवाला अशा सगळ्यांनी विचारून झाला होता. आणि इथे एका पुस्तकात, भले ते ड्रॅगनचं का असेना, आपल्याला थेट मागणी होती! दर एक लाख मोहरांच्या बांधकामामागे एक इंजिनिअर.

पुस्तक होतं ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचं, १९८१ सालच्या ‘एक्स्पर्ट सेट’मधलं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (माहीत असलेल्यांनी तोवर चहा घेऊन यावा.) टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो जग उभं करतो. डोंगर, राजे, गावं, हवामान, भुतं, सगळं त्याचं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार ढकलतो’, ‘मी पळतो’ असं सांगत जातात. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट असला तर असला, सोंगट्या असल्या तर असल्या. जिंकणं-हरणं असं काही नाही, गोष्ट पुढे जाते एवढंच.

अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ मध्ये छापून आला. त्याआधी आर्नेसनच्या मित्रमंडळींत जो खेळ चालायचा त्याच्या मध्यभागी ब्लॅकमूर नावाचा एक किल्ला होता आणि किल्ल्याखाली तळघरं. म्हणजे किल्ला हा या खेळाच्या पायातच आहे. पात्रं आधी दुसऱ्यांची तळघरं लुटतात, आणि मोठी झाली की स्वतःचं तळघर सांभाळायला लागतात. १९७८ च्या नियमांत तर ही चक्क बढती आहे. योद्धा नवव्या लेव्हलला पोचला की त्याला किल्ला बांधता येतो. आजूबाजूचा वीस ते पन्नास मैलांचा मुलूख साफ करायचा आणि तिथल्या रयतेकडून माणशी महिन्याला ७ चांदीची नाणी गोळा करायची. काल गुहेत राक्षसामागे धावणारा गडी आज वसुलीची वही घेऊन बसतो. पासआऊट झालेले सिनिअर्स पहिल्या प्रमोशननंतर भेटायला येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हेच भाव असतात.

आमचा ग्रुप सेकंड इयरला जमला. एका सिनिअरने जाताना आपली पुस्तकं आणि फासे माझ्या खाटेवर टाकले आणि म्हणाला, ‘‘सांभाळ, विकू नको.’’ म्हणून मी डीएम. बाकी चौघांना मी इथे गावावरूनच हाक मारतो, हॉस्टेलमध्ये तसंही कोणाचं खरं नाव कोणाला आठवतं? नागपूरकर कॉम्प्युटरचा, तो जादूगार. सातारकर ई अँड टीसीचा, तो चोर (खेळात). नाशिककर आयटीची, ती देवळातली पुजारीण, म्हणजे जखमा बऱ्या करणारी. आणि सोलापूरकर, मेकॅनिकलचा, तो ड्वार्फ योद्धा, म्हणजे बुटका, दाढीवाला, कुऱ्हाडवाला. सगळ्यांनी पात्रांना भारी भारी इंग्रजी नावं दिली. याने नाव दिलं ‘तात्या’. का, तर म्हणे ड्वार्फ तीनशे वर्षं जगतो, मग त्याला तात्या नाही तर काय बंटी म्हणायचं?

लेडीज हॉस्टेलचा इन-टाइम आठचा, त्यामुळे आम्ही रविवारी दुपारी कँटीनच्या मागच्या व्हरांड्यात बसायचो. संध्याकाळी मेस बंद, म्हणून खेळ संपला की वडापाव. असे सहा महिने गेले आणि एका रविवारी यांनी लाल ड्रॅगन मारला. खजिना निघाला दीड लाख मोहरांचा. सगळे नाचले. मग नागपूरकर एकदम शांत होऊन म्हणाला, ‘‘पण इतक्या पैशाचं करायचं काय बे?’’

तलवारी होत्या, चिलखतं होती, घोडे होते. घ्यायला काहीच उरलं नव्हतं. सोलापूरकर म्हणाला, ‘‘घर बांधू.’’

किल्ला म्हणाला नाही तो. घर म्हणाला. हे मला फार उशिरा लक्षात आलं.

आम्ही खेळत होतो २०१४ चे नियम. त्यात छोट्या किल्ल्याचा सगळा हिशेब एका ओळीत आहे. ५०,००० मोहरा, ४०० दिवस, विषय संपला. याला आमच्यात लम्पसम टेंडर म्हणतात, आणि लम्पसममध्ये काय मिळणार हे मिळाल्यावरच कळतं. १९८१ च्या पुस्तकात मात्र आयटम रेट आहेत. तट फुटावर, खंदक फुटावर, बुरूज नगावर. शिवाय ५०० मोहरांच्या कामाला एक दिवस असा सरळ हिशेब. मग आम्ही नियम २०१४ चे आणि भाव १९८१ चे असं ठरवलं. (२००२ साली ‘स्ट्राँगहोल्ड बिल्डर्स गाइडबुक’ नावाचं अख्खं पुस्तकच या विषयावर निघालं. त्यात जागा मोजायची ती वीस फूट बाय वीस फूट, उंची दहा फूट अशा ठोकळ्यांत. पण ते आम्हाला नंतर मिळालं.)

सोलापूरकरने मिनी ड्राफ्टर लावून पहिली शीट काढली. आम्ही सगळे ती बघून हसलो, कारण तो हुबेहूब दिवाळीचा किल्ला होता. वर सिंहासन, पायऱ्यांवर मावळे ठेवावेत तसे पहारेकरी, खाली गुहा, गुहेत वाघ. नाशिककर म्हणाली, ‘‘अळीव पेरलेत का?’’ पण खरं सांगायचं तर आम्हा प्रत्येकाच्या डोक्यात तोच किल्ला होता. गोणपाट, चिखल आणि विटांच्या तुकड्यांचा. तो आपण बघायला बांधतो. त्यात कोणी राहत नाही. म्हणून त्यात चूल नसते, मोरी नसते, आणि पाणी म्हणजे मातीत पुरलेली एक वाटी.

ती शीट चुकून माझ्या जर्नलमध्ये राहिली आणि आमच्या एस्टिमेटिंगच्या सरांसमोर पडली. मला वाटलं आता गेलो. सरांनी चष्मा वर केला, शीट उलटी-सुलटी करून बघितली आणि म्हणाले, ‘‘पाणी कुठंय रे?’’

‘‘सर, ते... हा खेळ आहे.’’

‘‘खेळातली माणसं पाणी पीत नाहीत का?’’

मग सरांनी रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’बद्दल सांगितलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा ग्रंथ, आणि त्यात गड कसा बांधावा याचं वेगळं प्रकरण आहे. आधी पाणी बघावं, मग गड बांधावा. पाणी नसेल आणि जागा मोक्याचीच असेल तर आधी खडक फोडून टाकी करावीत. झरा असला तरी त्यावर निर्धास्त राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झऱ्याचं पाणी कमी होतं. हे ऐकून मी गारच पडलो. तीनशे वर्षांपूर्वी कोणीतरी ‘वर्स्ट केस’ धरून डिझाइन करत होतं! सर म्हणाले, ‘‘सिंधुदुर्ग भर समुद्रात आहे, पण आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. त्या नसत्या तर तो तट काय कामाचा होता?’’

रविवारी मी सोलापूरकरला एवढंच विचारलं, ‘‘तात्या, पाणी कुठंय?’’ त्याने शीट फाडली आणि नवीन घेतली.

या दुसऱ्या शीटपासून खरं डिझाइन सुरू झालं. १९८१ च्या यादीत टाक्याचा भावच नाही. मग आम्ही रेट ॲनालिसिस केलं. शंभर फूट लांब, वीस फूट रुंद, दहा फूट खोल खंदकाला ४०० मोहरा, म्हणजे एका मोहरेला ५० घनफूट खोदाई. चाळीस बाय वीस बाय दहाचं टाकं ८,००० घनफुटांचं, त्याचे झाले १६०. पण हे खडकातलं काम, आणि सोलापूरकरला उघडं टाकं नको होतं, सह्याद्रीत असतं तसं कड्याच्या पोटात कोरलेलं खांबटाकं हवं होतं. म्हणून दुप्पट धरले, ३२०. अशी दोन टाकी. माझ्याकडे ते एस्टिमेट अजून आहे :

बालेकिल्ला, ६० फूट चौरस, ८० फूट उंच : ७५,०००
गोल बुरूज, ३० फूट उंच, २ नग : ३०,०००
महादरवाजा : ६,५००
तट, २० फूट उंच, ४०० फूट : २०,०००
खंदक, ४०० फूट : १,६००
उचलता पूल, १ नग : २५०
खांबटाकी, २ नग : ६४०
एकूण : १,३३,९९० मोहरा

पाचशेने भागलं की २६८ दिवस, म्हणजे नऊ महिने. लाखाच्या वर काम म्हणून इंजिनिअर दोन, त्यांचा नऊ महिन्यांचा पगार १३,५००. सगळा खर्च १,४७,४९०. हातात उरले २,५१०. सातारकर म्हणाला, ‘‘आयला, किल्ला झाला, पण मीठ-मिरचीला पैसे कुठायत?’’

२६८ दिवस ऐकून सर मात्र मोठ्याने हसले. त्यांनी वेल्समधल्या बोमॅरिस किल्ल्याचं उदाहरण दिलं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने तो १२९५ मध्ये बांधायला घेतला. कामावर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज हा त्या काळातला मोठा किल्लेबांधणीकार. १२९६ मध्ये त्याने पैशासाठी पत्र पाठवलं, त्यात मजुरांचा हिशेब आहे. ४०० गवंडी, २,००० बिगारी, २०० खाणकामगार, ३० लोहार, शिवाय सुतार. एवढं करून तो किल्ला शेवटपर्यंत पुरा झालाच नाही, पैसे संपले. सर म्हणाले, ‘‘तुमच्या खेळात दगड फुकट फुटतो. माणसं कुठायत?’’

म्हणून आम्ही ते नऊ महिने ‘नऊ महिने झाले’ असं म्हणून उडवले नाहीत. खेळलो. खाणमालक भाव वाढवतो, बिगारी तीन दिवस काम बंद ठेवतात, पावसाळ्याआधी टाक्यांचं काम उरकायला हवं, जादूगाराला वाटतं की तो मंत्राने भिंत उभी करेल आणि ती तिरकी होते. ड्रॅगन मारताना जेवढी मजा आली नव्हती तेवढी या मजुरांच्या पगारात आली. किल्ल्याच्या खेळाचं मर्म हे आहे, असं मला वाटतं. तयार किल्ला बक्षीस म्हणून दिला तर तो पात्राच्या कागदावर एक ओळ होऊन पडतो. घासाघीस करून, एक बुरूज कमी करून, पाण्यासाठी भांडून बांधला तर तो आपला होतो.

आणि सोलापूरकर एकेक खोली आखत गेला. सगळ्यात मोठी जागा दिली ती स्वयंपाकघराला, तीस बाय तीस. आम्ही म्हटलं, शस्त्रागार मोठं कर. नाही. मग आमच्या चौघांच्या पात्रांना प्रत्येकी एक खोली, प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार, दाराला आतून कडी. ‘‘आतून कडी कशाला?’’ असं नाशिककरने विचारलं तर म्हणाला, ‘‘असावी.’’ स्वयंपाकाला त्याने एक बाई ठेवली, आक्का. आक्का जेवल्याशिवाय कोणाला मोहिमेवर जाऊ देत नसे आणि जादूगाराला सरळ ‘ए शेंबड्या’ म्हणायची. तिचा आवाज मी काढायचो. एप्रिलमध्ये, पी.एल. लागायच्या आधीच्या रविवारी, वास्तुशांत झाली. गडाचं नाव अर्थातच तात्यागड.

आता यापुढचं सांगायला मला अवघड जातंय.

सुट्टीत मी कुठेतरी वाचलं की गोष्टीत धक्का पाहिजे, नुकसान झाल्याशिवाय रंगत नाही. मला ते फार पटलं. जुलैत टर्म सुरू झाली. पहिल्या रविवारी धो धो पाऊस होता, व्हरांड्यात पाणी येत होतं, आम्ही टेबल भिंतीला लावून बसलो. त्यांची पात्रं राजाच्या दरबाराला गेली होती. मी त्यांना आठ दिवसांनी परत आणलं आणि सांगितलं की डोंगराच्या वळणावरून गड दिसत नाही, धूर दिसतोय. मेलेल्या ड्रॅगनचा जोडीदार येऊन गेला होता. दगड जळत नाही, पण मजले, छपरं, दारं सगळी लाकडाची. मी वीस मिनिटं वर्णन केलं. ते मी घरी लिहून, पाठ करून आणलं होतं. फासा कोणालाच टाकायला दिला नाही, कारण टाकण्यासारखं काही मी ठेवलंच नव्हतं.

सातारकर म्हणाला, ‘‘लय भारी सांगितलंस राव.’’ मी खूश.

सोलापूरकर म्हणाला, ‘‘आक्का?’’

मी गंभीर आवाज काढून म्हणालो, ‘‘कोणीच वाचलं नाही.’’

तो दोन मिनिटं बसला. मग ‘‘माझं जरा काम आहे’’ म्हणून पावसातच उठून गेला. शीट टेबलावरच राहिली. मला वाटलं, वा, काय परिणाम झालाय!

सोमवारी कळलं. शनिवारी रात्री सेकंड इयरचा रिझल्ट लागला होता. सोलापूरकर वाय.डी. एम-थ्री धरून चार विषय. आणि आमच्याकडे वाय.डी.ला हॉस्टेल नाही. आठवड्यात खोली रिकामी करायची. म्हणजे रविवारी तो खेळायला आला तेव्हा त्याला हे माहीत होतं. रूमवर बसवेना म्हणून आला असणार. आणि मी त्याला तिथे त्याचं घर जाळून दाखवलं.

गुरुवारी मी त्याची गादी आणि ट्रंक घेऊन एस.टी. स्टँडपर्यंत गेलो. गेमचा विषय त्याने काढला नाही, माझी काढायची हिंमत झाली नाही. गाडी लागायला वेळ होता. चहा पिताना तो सहज म्हणाला, ‘‘घरी खोली एकच आहे ना, आम्ही पाच जण. त्यात चार वेळा घर बदललंय भाड्याचं. हॉस्टेलची खाट ही माझी पहिली स्वतःची खाट. आता परत पथारी.’’ म्हणाला आणि हसला. गाडी आली, तो गेला.

त्या रात्री मी ती शीट काढली. मागची बाजू मी कधी बघितलीच नव्हती. मागे बारीक अक्षरात यादी होती. तात्यागडावर राहणारी माणसं, एकूण ४१. लंगडा पहारेकरी. खाणीत हात गेलेला गवंडी आणि त्याची आई. तट बांधणाऱ्या बिगाऱ्यांपैकी ज्यांना जायला घर नव्हतं असे अकरा. आक्का आणि तिची दोन नातवंडं. प्रत्येकापुढे कोण कुठे झोपतं ते. मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं. हे सगळं त्याने स्वतः, मला न विचारता, माझ्या जगात वसवलं होतं. आणि मी ‘कोणीच वाचलं नाही’ अशा तीन शब्दांत उरकलं होतं.

चूक नेमकी काय झाली यावर मी बराच विचार केला. रिझल्ट मला माहीत नव्हता, हे खरं. पण रिझल्ट लागला नसता तरी चूक ती चूकच होती. या खेळात साऱ्या जगाचा सातबारा डीएमच्या नावावर असतो. डोंगर त्याचा, राजा त्याचा, ड्रॅगन त्याचा, पाऊससुद्धा त्याचा. खेळाडूच्या नावावर दोनच गोष्टी, त्याचं पात्र आणि त्याने बांधलेलं घर. पात्राचं काय होतं ते निदान फासा ठरवतो. घर मात्र मी न विचारता माझ्या गोष्टीचं सरपण केलं. म्हणजे लहानपणी दुसऱ्याच्या दिवाळीच्या किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावून पळणाऱ्या पोरांत आणि माझ्यात फरक एवढाच, की मी वर्णन चांगलं केलं.

या खेळाचं डंजन मास्टरसाठीचं २०२४ चं नवं पुस्तक नंतर हातात आलं. त्यात पाचव्या लेव्हललाच प्रत्येकाला आपापलं ठाणं मिळतं, त्याला बॅस्टियन म्हणतात. दर सात दिवसांनी आपण ठाण्याला हुकूम द्यायचे, काही बनवा, माणसं भरती करा, व्यापार करा, असे. आणि ठाण्यावर हल्ला झाला तर? हल्लेखोर हरतातच. सहा फासे टाकायचे, जेवढे एक पडतील तेवढे रखवालदार मरतात. रखवालदारच नसतील तर एक खोली पुढच्या फेरीपुरती बंद, मग दुरुस्त, तीही फुकट. आधी मला हे अगदी मिळमिळीत वाटलं होतं, रेडी पझेशन फ्लॅट आणि वर मेंटेनन्स माफ! आता वाटतं, ज्याने हा नियम लिहिला त्यानेही कधीतरी कोणाचा तरी किल्ला जाळला असावा.

पण माझं अजूनही मत आहे की किल्ल्याला धोका हवा. कधीच पडू शकत नाही तो किल्ला कशाला राखायचा? फक्त धोका आधी दिसला पाहिजे. शेजारच्या गावातून माणसं पळून येतात, आकाशात एक ठिपका दोनदा दिसतो, मग ठरवू दे त्यांना, दरबाराला जायचं की थांबायचं. नुकसान झालं तरी एकदम सगळं नको, एक बुरूज, एक कोठार. आणि काय वाचवायचं ते मालकाला ठरवू द्यायचं. सरांच्या भाषेत सांगायचं तर इमारत कोसळणार असेल तर आधी तडे दिसले पाहिजेत. आपण आर.सी.सी. शिकताना अंडर-रिइन्फोर्स्ड सेक्शन का घेतो? स्टील आधी ताणलं जातं, तडे दिसतात, माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. मी जे केलं ते ओव्हर-रिइन्फोर्स्ड बीमसारखं, कसलीही सूचना न देता धाडकन खाली.

सोलापूरकरला मी फोन करायचो. तो एका वर्कशॉपात लागला होता, एम-थ्रीचा क्लास लावला होता, क्रिकेटवर बोलायचा. किल्ल्याचं नाव नाही. ‘सॉरी’ म्हणालो तर म्हणाला, ‘‘अरे सोड, गेम आहे तो.’’ ते ऐकून जास्त वाईट वाटलं.

गणपतीच्या सुट्टीत मी ती यादी परत वाचत होतो आणि एकदम सरांचा प्रश्न आठवला. पाणी कुठंय? शीट उलटली. दोन खांबटाकी, कड्याच्या पोटात, वर वीस फूट खडक. आग तिथे पोचलीच नसती. मी शीटचे दोन्ही बाजूंचे फोटो त्याला पाठवले आणि खाली लिहिलं, ‘टाकी जळत नाहीत. मी तेव्हा विचार न करता बोललो. ४१ पैकी कोण कोण टाक्यात उतरलं असेल ते तू ठरव. तू म्हणशील ते खरं.’

चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी फोटो आला. तीच यादी, त्याच्या अक्षरात नव्याने लिहिलेली, आणि नावांपुढे टिक. ३४ टिक होत्या, सात नावं कोरी. खाली लिहिलं होतं, ‘सगळे वाचले असं नको. खोटं वाटेल.’

आक्काच्या नातवंडांपुढे टिक होती. आक्कापुढे नव्हती. बाजूला लिहिलं होतं, ‘ती सगळ्यांना उतरवून मग शेवटी आली असती. मी ओळखतो तिला.’

मी ते वाचून मेसमध्ये तसाच बसून राहिलो. मी मारलेली आक्का आणि त्याने ठरवलेली आक्का, शेवट तर एकच. पण माझ्या आक्काचं कोणालाच काही वाटलं नसतं. त्याच्या आक्कासाठी पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर चौघांनी गडावर दिवा लावला, आणि नागपूरकर, जो कशालाच गंभीरपणे घेत नाही, तो म्हणाला, ‘‘आता मला शेंबड्या कोण म्हणणार बे?’’

वर्षभर आम्ही तसेच खेळलो, एका खुर्चीत लॅपटॉप ठेवून. सोलापूरकरचे विषय निघाले. यंदा तो थर्ड इयरला आलाय, आम्ही फायनलला. हॉस्टेल नाही मिळालं, बाहेर कॉट बेसिसवर राहतो. ‘‘एका खोलीत चार जण, पण कडी आतून आहे,’’ म्हणतो. रविवारी दुपारी मात्र व्हरांड्यात हजर. आल्या आल्या त्याने माझ्यापुढे रिवाइज्ड एस्टिमेट टाकलं, बार चार्टसकट. आधी दोन्ही टाक्यांची साफसफाई, मग स्वयंपाकघर, मग माणसांच्या खोल्या. तट सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, ‘‘तट शेवटी? मध्येच हल्ला झाला तर?’’

तो म्हणाला, ‘‘आधी धूर दाखवशील ना? मग बघू.’’

तर ज्युनिअर्सनो, तात्यागडाचं काम सध्या जोत्यापर्यंत आलंय. नियमाप्रमाणे दोन इंजिनिअर लागतात. मी मे महिन्यात पासआऊट होणार, म्हणजे एक जागा रिकामी होतेय. पगार महिन्याला ७५० मोहरा, जेवणखाण गडावर. इच्छुकांनी रविवारी दुपारी कँटीनच्या मागच्या व्हरांड्यात भेटावे. सिव्हिलवाल्यांना प्राधान्य. मुलाखतीत प्रश्न एकच विचारला जाईल : पाणी कुठंय?

– अंतिम वर्ष, स्थापत्य